वाढत्या अंगाचं लॅटिन

पूजिताने सात वाक्यं म्हटली आणि ती खाली बसली. सातच. मधूने बोटांवर मोजली होती. हे लॅटिन आहे, असं तिने आधीच सांगून टाकल्यामुळे अर्थ विचारायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि अर्थ कळला नाही म्हणून टाळ्या नेहमीपेक्षा जरा जास्तच पडल्या. मधूनेही वाजवल्या. इतक्या जोरात की त्याचे तळहात लाल झाले आणि शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. दुसऱ्याच्या मुलीसाठी इतकं मोकळेपणी टाळ्या वाजवणारा माणूस हल्ली कुठे दिसतो?

म्हैसूरमधली आठ-दहा कुटुंबं, ज्यांची मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तळ्याकाठच्या बागेत जमतात. आधी मुलं काहीतरी करून दाखवतात आणि मग डबे उघडतात. ‘आपल्यात स्पर्धा नको’ असा या मंडळींचा लेखी नियम आहे. त्यामुळे आपल्या मुलाने काहीच तयारी केलेली नाही असं वाटावं, याची प्रत्येक घरात महिनाभर कसून तयारी चालते. त्या दिवशी मधूच्या अर्णवने खायचा सोडा आणि व्हिनेगर वापरून ज्वालामुखी फोडून दाखवला होता. ज्वालामुखी चांगला फुटला. पण त्याच्या पाठोपाठ लॅटिन आलं, आणि लॅटिननंतर ज्वालामुखी कुणाच्याही लक्षात राहत नाही.

पूजिता नऊ वर्षांची आणि अर्णव अकरा. पूजिताचा बाप प्रणेश हा मधूचा म्हैसूरच्या हिनकल भागातला शेजारी. दोघांच्या घरांमध्ये कंपाउंडची एकच भिंत. प्रणेशचं घराणं चार पिढ्यांपासून म्हैसुरात, आणि मधू पंधरा वर्षांपूर्वी साताऱ्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलेला. कंपनीत त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं. हे काम तो घरी आल्यावरही पगाराशिवाय करत असे. भिंतीपलीकडे सोलर हीटर बसला की मधूला गरम पाणी कमी पडू लागे, आणि प्रणेशने गच्चीवर दुर्बीण आणली तेव्हा मधूला आयुष्यात पहिल्यांदा शनीची कडी बघायची तळमळ लागली. या भावनेला तो ‘मुलांच्या भवितव्याची काळजी’ म्हणत असे. आपण सरळ हेवा म्हणू.

“अर्णवला लॅटिन शिकवायचं,” घरी आल्या आल्या त्याने जाहीर केलं.

त्याची बायको कांचन डबे घासायला काढत होती. “कशाला?”

“अगं, सगळ्या शास्त्रांचं मूळ आहे ते. औषधांची नावं, झाडांची नावं, कायदा...”

“पूजिता,” कांचन म्हणाली.

“पूजिताचा काय संबंध?”

 कांचनने त्याला जुन्या अटीची आठवण करून दिली. तीन वर्षांपूर्वी अर्णवला शाळेतून काढायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली होती: ज्या दिवशी हा मुलगा पुस्तक बघून तोंड फिरवेल, त्या दिवशी याला पुन्हा शाळेत घालायचं. आणि साताऱ्याला मधूचे वडील त्या दिवसाची वाट बघत बसले होते. दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न असे, “पोरगं यंदा तरी शाळेत जातंय का?” त्यामुळे मधूला अर्णव हुशार असून चालणार नव्हतं, तो हुशार दिसायलाही हवा होता.

आता पुस्तक कुठलं घ्यायचं? सोपा मार्ग म्हणजे प्रणेशला विचारणं. मधूने भिंतीवरून विचारलं, तेही सहज, कुंडीला पाणी घालता घालता. आपल्या घरी कुंडी नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो भिंतीलाच पाणी घालत होता.

“पुस्तक ना? अय्यो, किती साधं पुस्तक आहे रे ते,” प्रणेश म्हणाला. “सुम्ने, टाइमपासला आणलं. नाव काय बघायचं त्यात मत्ते?”

“तरी पण?”

“लक्षात नाही रे. आत आहे कुठेतरी,” म्हणत प्रणेश आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

‘सुम्ने’ म्हणजे उगीच, सहज. म्हैसुरात माणूस ज्या गोष्टीसाठी सहा महिने खपतो, ती नेहमी सुम्ने केलेली असते.

मग मधूने प्रणेशच्या वडिलांना, वेंकोबाकाकांना गाठलं. काका संध्याकाळी ओट्यावर बसून नातीची उजळणी घेत. त्यांना स्वतःला लॅटिन येत नव्हतं, पण ती थांबली की ‘हं, फुडं’ म्हणायचं काम ते चोख करत. पूजिताच्या मांडीवर पुस्तक होतं, पण त्याला खाकी कागदाचं कव्हर. नुसतं कव्हर नव्हे, कोपरे आत दुमडून, कडा चिकटपट्टीने बंद करून, वर लेबल: ‘पूजिता पी. – ल्याटिन’. शाळा सोडली तरी खाकी कागद कुणी सोडलेला नव्हता.

“काका, बघू जरा पुस्तक?”

“नको रे बाळा,” काकांनी पुस्तकावर हात ठेवला. “प्रणेशनं सांगून ठेवलंय, कव्हर काढायचं नाही, दाखवायचं नाही. मला पण दाखवला नाही तो. तू कॉफी घेतोस का स्वल्प?”

मधूने स्वल्प कॉफी घेतली. जे पुस्तक सख्ख्या बापालाही दाखवत नाहीत ते केवढं भारी असेल, या विचाराने ती त्याला कडू लागली.

शेवटी कांचननेच इंटरनेटवर शोधून नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक मागवलं. चार दिवसांत आलं. मधूने पाकीट फाडलं आणि पुस्तक उलटं ठेवलं. मुखपृष्ठावर टोपी घातलेला उंदीर होता आणि खाली पिवळ्या गोलात छापलं होतं: ‘वय ४ ते ६’.

“हे अर्णवसाठी?”

“पहिलंच पुस्तक आहे. सगळे इथूनच सुरुवात करतात, असं लिहिलंय.”

“चार ते सहा! प्रणेशने पाहिलं तर?”

“झाकून ठेव मग.”

मधूने ते उघडूनही पाहिलं नाही. कपाटावर टाकून दिलं. तिथून ते अर्णवच्या सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीने, देवश्रीने, स्टुलावर चढून कधी काढलं, हे घरात कुणाला कळलं नाही. देवश्रीच्या शिक्षणाकडे त्या महिन्यात कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून तिचं बरं चाललं होतं.

आता मधूची पुस्तक निवडायची पद्धत सांगायला हवी. लहानपणी साताऱ्यात त्याला सगळ्या गोष्टी वाढत्या अंगाच्या मिळाल्या. सदरा कोपराखाली लोंबायचा, चड्डीला करगोटा आवळायचा आणि बुटांच्या पुढच्या टोकात कापूस कोंबलेला असायचा. ‘पुढच्या वर्षी बसेल बरोबर,’ असं आई म्हणायची. हाच हिशोब त्याने लॅटिनला लावला. पूजिता नऊ वर्षांची, म्हणजे तिचं पुस्तक नऊ-दहाचं असणार. भारी असलं तर बाराचं. अर्णव अकराचा, म्हणजे त्याला चौदाचं. वाढत्या अंगाचं. आज जरा ढगळ होईल, पण पुढच्या वर्षी बरोबर बसेल. आणि मुख्य म्हणजे भिंतीवरून दिसताना मोठं दिसेल.

‘वय १४ आणि पुढे’ असं पुस्तक परदेशातून मागवावं लागलं. ते म्हैसूरपर्यंत सुखरूप आलं आणि पार्सलच्या ऑफिसात अडकलं. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर भाषांची यादी उघडली. त्या यादीत लॅटिन नव्हतं. ‘इतर’ दाबलं, तर नवीन फॉर्म उघडला: मजकुराचा सारांश लिहा, आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही असं राजपत्रित अधिकाऱ्याचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा.

“ओदक्के बरत्ता निमगे?” बाईंनी विचारलं. वाचता येतं का तुम्हाला?

खोटं बोलण्याइतकं मधूचं कन्नड चांगलं नव्हतं. “इल्ला,” तो म्हणाला.

“मत्ते याके तरिसिद्रि?” मग मागवलं कशाला, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर प्रणेशच्या नावाशिवाय देता येत नव्हतं. सारांशासाठी पुस्तक बघू द्या म्हटलं, तर सारांशाशिवाय पुस्तक देता येत नाही असं कळलं. अखेर बाईंना दया आली आणि त्यांनी मुखपृष्ठाचा फोटो काढू दिला. मधूने सारांश लिहिला: ‘जुन्या काळातील चांगल्या लोकांच्या चांगल्या गोष्टी.’

राहता राहिला राजपत्रित अधिकारी. मधूच्या ओळखीत असा अधिकारी एकच होता, आणि तो भिंतीपलीकडे राहत होता. प्रणेश सरकारी गुरांचा डॉक्टर होता, एच. डी. कोटे गावच्या दवाखान्यात.

“करून देतो की,” प्रणेश म्हणाला. “पण शिक्का ऑफिसात असतो रे. तिथं यायला लागतो.”

मधू कामावर रजा टाकून, स्कूटरवरून पन्नासेक किलोमीटर जाऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला. पुढे एक गाभण गाय, मागे लंगडी मेंढी. कंपाउंडरने वही काढून त्याला विचारलं, “निम्म हसु एल्लि?” गाय कुठाय तुमची? मधू म्हणाला की गाय नाही, कागद आहे. कंपाउंडरने वहीत काय लिहिलं ते मधूने बघितलं नाही. दोन तासांनी त्याचा नंबर आला तेव्हा प्रणेशच्या हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजा होता, त्यामुळे हस्तांदोलन दोघांनीही टाळलं.

पण त्या सगळ्या अपमानाची भरपाई पुढच्या अर्ध्या मिनिटात झाली. प्रणेशने शिक्का उचलला, फोटोवर नजर टाकली आणि त्याचा हात वरच राहिला.

“चौदा प्लस?” त्याने विचारलं.

“सुम्ने,” मधू म्हणाला.

प्रणेशचा चेहरा पडला. अगदी डोळ्यांदेखत पडला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा भिंतीच्या या बाजूचं काहीतरी त्या बाजूला सलत होतं, आणि मधूला इतकं बरं वाटलं की परतीच्या वाटेवर त्याला शेकडो खड्ड्यांपैकी एकही लागला नाही. खिशात पत्र होतं: ‘वरील मजकुरात आक्षेपार्ह काही नाही. सही, पशुवैद्यकीय अधिकारी.’

पुस्तक घरी आलं आणि कळलं की मजकुरात आक्षेपार्ह नाही असं फारच थोडं आहे. पहिल्या भागात दर धड्याखाली इंग्रजी अर्थ होते, म्हणून निदान ते समजलं. पहिल्या धड्यात मालक गुलामाला चाबकाने मारतो. दुसऱ्यात राजा आपल्या भावाला विष देतो. तिसऱ्यात सैनिक गावातल्या बायका पळवून नेतात, आणि चौथ्यात त्याबद्दल त्यांचा सत्कार होतो.

“बाबा, हे सगळे इतके चिडलेले का आहेत?” अर्णवने विचारलं.

मधूने त्या दिवशी पुस्तक काढून घेतलं आणि जाड काळा मार्कर घेऊन बसला. चुका शोधण्याचा त्याचा हात सरावाचा होता. आधी खून गाळले, मग विष, मग बायका. गुलाम गाळले तेव्हा मालकांना काही काम उरलं नाही, म्हणून तेही गाळले. देवदेवतांचं वागणं तर असं होतं की दोन पानं एकमेकांना चिकटवावीच लागली. आठवडाभराने संपूर्ण पहिल्या भागात एकच वाक्य निष्कलंक राहिलं: ‘आग्रिकोला एक्स्पेक्तात.’ शेतकरी वाट पाहतो. कशाची, ते पुढच्या वाक्यात होतं, पण ते वाक्य मुलांसमोर वाचण्यासारखं नव्हतं.

पुढच्या भागात मार्करची गरज पडली नाही, कारण तिथे इंग्रजी अर्थ नव्हते आणि ते मधूलाच कळत नव्हतं. अर्णव रोज एक तास त्या काळ्या पट्ट्यांसमोर बसे. पूर्वी जेवताना शंभर प्रश्न विचारणारा मुलगा भात चिवडत गप्प राहू लागला. मधूला हे दिसत होतं. पण त्याचबरोबर भिंतीपलीकडे आणखी एक परदेशी पार्सल उतरलेलं त्याने पाहिलं होतं, चांगलं जाडजूड, आणि एका वेळी दोन गोष्टींकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी अर्णव त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

“बाबा, मी शाळेत जाऊ?”

“का रे?”

“तिथे निदान पाचवीत पाचवीचं पुस्तक देतात.”

 कांचन दारातच उभी होती. तिने अट पुन्हा बोलून दाखवली नाही, म्हणून ती जास्त ऐकू आली. “उद्याचा कार्यक्रम होऊ दे,” मधू कसंबसं म्हणाला. अर्णवने मान हलवली आणि पुस्तक पालथं घालून तोंड फिरवलं.

रविवारी बागेत सगळे चटयांवर बसले. पहिला नंबर अर्णवचा लागला. तो उभा राहिला. नवीन सदरा घातला होता, अर्थात एक माप मोठा.

“आग्रिकोला एक्स्पेक्तात,” तो म्हणाला.

आणि थांबला. पुढे काही नव्हतंच. सगळी मंडळी वाट पाहू लागली. अर्णवने बापाकडे बघितलं. ती नजर मधूला ओळखीची वाटली, आणि का ते त्याला तिथेच आठवलं. चौथीत असताना शर्यतीत त्याच्या स्वतःच्या पायातून तो कापूस कोंबलेला बूट निघाला होता. सगळी मुलं पुढे गेली आणि तो एका बुटावर मैदानात उभा राहून आईकडे बघत होता. तेव्हा त्याची नजर अशीच असणार. पुढच्या वर्षी बूट पायाला बरोबर बसला, पण तोवर त्याचा तळ फाटला होता. मधूला रडू आलं. खरंच आलं. आपल्या पोराला आपण एवढ्या माणसांत एका बुटावर उभं केलं, आणि तेही शेजाऱ्याला दाखवायला, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. तो उठणार, एवढ्यात चटईवरून बारीक आवाज आला.

“मूस वेनित.”

देवश्री होती. ती दादाच्या मदतीला आपणहून उभी राहिली होती. “शेतकरी वाट बघतो ना? मग उंदीर येतो. फेलेस दोर्मित. मांजर झोपलंय.”

“मूस कासेउम एदित!” पलीकडच्या चटईवरून पूजिता ओरडली. तिला राहवलंच नाही. “उंदीर चीज खातो!”

मग दोघींनी मिळून सातही वाक्यं म्हटली. प्रत्येक वाक्य ‘इत’वर संपत होतं. गेल्या महिन्यात मधूला ज्यात रोमचा दरबार ऐकू आला होता, तीच ही सात वाक्यं, आणि त्यात टोपी घातलेला एक उंदीर चीज चोरत होता. अर्णव आधी बघत राहिला, मग फस्सकन हसला. गेल्या महिन्याभरात तो पहिल्यांदाच हसत होता. “मग मांजर उठतं का?” त्याने विचारलं. देवश्री म्हणाली, “पुढच्या धड्यात.” “बघू,” म्हणत तो त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसला.

मधूने हळूच प्रणेशकडे बघितलं. प्रणेश चटईच्या कडेचा धागा उपसत होता.

डबे उघडले तेव्हा तो चित्रान्नाची ताटली घेऊन मधूशेजारी येऊन बसला.

“पिवळा गोल होता रे त्याच्यावर,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “चार ते सहा. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात कसा द्यायचा तो, सांग मत्ते? म्हणून कव्हर घातला.”

“आणि ते जाडजूड पार्सल?”

“तुझं चौदा प्लस बघून मी सोळा प्लस मागवला. पूजितानं एक पान बघितलं आणि दोन दिवस जेवली नाही.” त्याने आवाज आणखी खाली आणला. “तुझ्यात पण मारतात का रे?”

“माझ्यात सगळे मारतात.”

“अय्यो,” प्रणेश म्हणाला आणि त्याने आपल्या ताटलीतले शेंगदाणे निवडून मधूच्या ताटलीत टाकले. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिन्ही मुलं प्रणेशच्या ओट्यावर एकाच पुस्तकात डोकं घालून बसू लागली. पिवळा गोल उघडाच होता. वेंकोबाकाका ‘हं, फुडं’ म्हणत, आणि पुढे काय होतं याची आता त्यांनाही खरोखर उत्सुकता होती. शाळेचा विषय अर्णवने काढला नाही. साताऱ्याचा फोन आला तेव्हा त्याने आजोबांना उंदराची गोष्ट सांगितली, आणि आजोबांनी मांजराची चौकशी केली.

मधूही बदलला. प्रणेशने आणून दिलेलं सोळा प्लस आणि आपलं चौदा प्लस, अशी दोन्ही पुस्तकं त्याने स्वतःच्या हाताने रद्दीत टाकली. आठवडाभराने एका संध्याकाळी त्याने देवश्रीला जवळ बोलावलं. “मलाही शिकव,” तो म्हणाला. तो जमिनीवर मांडी घालून बसला, उंदराचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मूस वेनित. इतक्या वर्षांत त्याच्या मापाचं पुस्तक हे पहिलंच. त्याला फार शांत वाटलं. कुणाशी स्पर्धा नाही, कुणाचा हेवा नाही.

तीन पानं झाल्यावर देवश्रीने त्याला शाबासकी दिली. “छान, बाबा. तू तिसऱ्या पानावर आलास. प्रणेशकाका सातव्यावर आहेत.”

“प्रणेश? तोही शिकतोय?”

“हो, रोज संध्याकाळी. पूजिताताई शिकवते त्यांना. तुला सांगायचं नव्हतं.”

 मधूने उठून दार लोटलं, स्वयंपाकघरातून खाकी कागद आणि चिकटपट्टी आणली, पुस्तकाला चारी बाजूंनी कव्हर घातलं आणि पुन्हा मांडी घालून बसला.

“नववं पान काढ,” तो म्हणाला.